गवळाऊ : फौजेच्या वाटेपासून हेटीकुंडीच्या गोठ्यापर्यंत

१/
नागपूरच्या पूर्व भागातील लकडगंज आपला व्यवसाय नावातच सांगतो. गंज म्हणजे बाजार, आणि येथला बाजार इमारती लाकडाचा. आज ओंडका ट्रकमधून उतरतो आणि आरामशीनवर चढतो. ट्रक येण्यापूर्वी मध्य भारताच्या जंगलांत तोडलेला साग रस्त्यापर्यंत ओढून आणण्याचे कष्ट प्रामुख्याने बैलांच्या वाट्याला येत. लाकडाचे हिशेब वह्यांत राहिले. बैलाचे घराणे मात्र कोणी फारसे विचारले नाही. हा धागा विदर्भातील अशाच एका घराण्याविषयी आहे : गवळाऊ.

२/
गवळाऊ हा मध्यम उंचीचा, हलक्या बांध्याचा गोवंश. गाय पांढरीशुभ्र; वळूच्या मानेवर, वशिंडावर आणि मागच्या भागावर करडी झाक. चेहरा लांब व अरुंद, कपाळ सपाट आणि वरच्या बाजूस मागे झुकलेले, डोळे बदामी, शिंगे आखूड आणि बोथट. गळ्याखालची पोळी मोठी, कातडी सैल. ओझे ओढण्यासाठी अनेक भारदस्त जाती आहेत. गवळाऊची ख्याती आहे ती चालीसाठी : ओझ्यासह न थकता, झपझप चालण्यासाठी.

३/
या जातीचा मूळ मुलूख म्हणजे सातपुड्याचा दक्षिण उतार आणि त्याखालचे पठार. महाराष्ट्रात वर्धा व नागपूर जिल्हे. मध्य प्रदेशात छिंदवाडा, सिवनी, बालाघाट. वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) हे तालुके तिचे माहेर. म्हणूनच तिला 'आर्वी' असेही नाव आहे आणि 'गवळगणी' असेही. एक नाव भूमीचे, दुसरे माणसांचे. या जातीचा सारा इतिहास या दोन नावांत सामावला आहे.

४/
प्रथम माणसे. सातपुड्याच्या इतिहासात गवळी वारंवार भेटतात. मेळघाटातील गाविलगडाचे नावच गवळ्यांवरून पडले, असे मानले जाते. छिंदवाड्याजवळच्या देवगडाची आख्यायिकाही तशीच आहे : गोंड राजा जाटबा याने तेथील गवळी राजांना दूर करून सत्ता मिळवली. याच देवगड घराण्यातील बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर शहर वसवले.

५/
आख्यायिकेतील गवळी राजे इतिहासाच्या कसोटीवर किती टिकतील, हा प्रश्न वेगळा. तथापि लोकस्मृतीने किल्ल्यांचे मूळ मालक म्हणून गवळ्यांना निवडले, हे पुरेसे बोलके आहे. डोंगराळ मुलखात नांगराखालची जमीन थोडी आणि गवताळ जमीन अफाट असते. अशा ठिकाणी ज्याच्याकडे गुरे, त्याच्याकडे संपत्ती. गढीपेक्षा गोठा आधीचा.

६/
अठराव्या शतकात नागपूर भोसल्यांची राजधानी झाले. रघूजी भोसले (पहिले) यांच्या फौजा १७४० च्या दशकात थेट बंगालपर्यंत गेल्या. सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४४ मध्ये तेथेच मारले गेले. तरीही मोहिमा थांबल्या नाहीत आणि १७५१ मध्ये ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात आले. नागपूर ते कटक हे अंतर शेकडो मैलांचे, मध्ये घनदाट अरण्ये आणि मोठ्या नद्या.

७/
घोडेस्वारांच्या पराक्रमाचे वर्णन बखरींत सापडते. परंतु घोडेस्वाराला रोज दाणा लागतो, घोड्याला चंदी लागते, तंबू-दारूगोळा मागून यावा लागतो. हे सामान घोड्यांच्या मागे फार रेंगाळले, तर फौजेचा वेगच संपतो. म्हणून डोंगरवाटांवर जलद चालणारा बैल ही लष्करी गरज होती. मराठ्यांच्या फौजेच्या वाहतुकीसाठी गवळाऊची वेगवान चाल निवडून जोपासली गेली, असे पशुसंवर्धनाच्या ग्रंथांत नमूद आहे.

८/
याच काळात दक्षिणेत म्हैसूरच्या राज्यात हीच गरज अधिक पद्धतशीरपणे भागवली जात होती. वोडेयर राजांनी राखलेल्या सरकारी कळपांना टिपू सुलतानाने 'अमृत महल' हे नाव दिले. या बैलांच्या बळावर हैदरअलीने अडीच दिवसांत शंभर मैलांची मजल मारल्याचे इंग्रज लेखकांनी नोंदवून ठेवले आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि हे कळप इंग्रजांच्या हाती गेले.

९/
त्याचे परिणाम विदर्भाने भोगले. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नोव्हेंबरमध्ये अडगाव येथे आणि डिसेंबरमध्ये गाविलगडावर रघूजी भोसले (दुसरे) यांच्या सैन्याचा पराभव केला. देवगावच्या तहात भोसल्यांनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गमावला. वेलस्लीच्या या मोहिमेची रसद मोठ्या प्रमाणावर म्हैसूरच्या बैलांवर चालली होती. गवळ्यांच्या नावाचा किल्ला दुसऱ्या एका गोवंशाच्या मदतीने पडला, असे म्हणता येईल.

१०/
अमृत महलाचे खरे बळ बैलांपेक्षा जमिनीत होते. त्या कळपांसाठी 'कावल' नावाची राखीव कुरणे राज्यभर विखुरलेली होती. पावसाळ्यात एका कावलात, उन्हाळ्यात दुसऱ्या, असा कळपांचा फिरता मुक्काम ठरलेला असे. त्यासाठी स्वतंत्र खाते, अधिकारी आणि नोंदी होत्या. गवळाऊची पैदास मात्र गवळ्यांच्या घरी होई आणि चराई जंगलात, गायरानात होई. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

११/
फौजांचा काळ संपला तरी बैलाचे काम संपले नाही. रेल्वेपूर्वी नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून जबलपूरमार्गे गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे आणि तेथून नावेने कलकत्त्याला. बंजाऱ्यांचे तांडे ही वाहतूक करीत. परतीच्या प्रवासात मीठ आणि इतर माल येई. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजे आणि त्याचा भाव पडे. म्हणून येथेही वेगाला किंमत होती.

१२/
१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, १८७७ मध्ये जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मिर्झापूरची वाट ओस पडली.

१३/
रेल्वे आली म्हणजे बैल मागे पडला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात लांबचा प्रवास रेल्वेने घेतला आणि जवळचा प्रवास वाढला. शेतातून जिनापर्यंत, जिनातून स्टेशनपर्यंत कापसाच्या बंड्या अखंड धावू लागल्या. हलक्या बंडीला आणि प्रवासाच्या रेंगीला चपळ बैल हवा होता. फौजेसाठी घडलेल्या चालीला बाजारात नवे गिऱ्हाईक मिळाले. कापसाच्या मोसमात आर्वीच्या बाजाराला आणि आर्वीच्या बैलाला एकत्रच तेजी येई.

१४/
परंतु ज्या कापसाने बैलाला काम दिले, त्याच कापसाने त्याचे गवत खाल्ले. भाव चढले तशी पडीक आणि गवताळ जमीन नांगराखाली गेली. दुसऱ्या बाजूने १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलाचे मोठे क्षेत्र राखीव झाले. पूर्वी जेथे गवळी हक्काने गुरे नेत, तेथे आता परवाना आणि चराईशुल्क आले. एकीकडे शेत सरकत आले, दुसरीकडे जंगलाची हद्द पक्की झाली आणि मधले कुरण आकसत गेले.

१५/
मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळले. दुष्काळाच्या नोंदी माणसांच्या मृत्यूने भरलेल्या आहेत. गुरांचाही चाऱ्या-पाण्याविना मोठा संहार झाला. गवळ्याच्या दृष्टीने हे नुकसान दुहेरी होते. धान्य पुढच्या पावसाने पुन्हा पिकते. पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोपासलेली गाय गेली, की तिची निवडही तिच्यासह जाते.

१६/
याच दशकांत जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या टेक्सासमध्ये, गुरांचा निराळाच इतिहास घडत होता. १८५३ मध्ये रिचर्ड किंगने सुरू केलेले 'किंग रँच' लाखो एकरांपर्यंत पसरले. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि खुले गवताळ प्रदेश कुंपणात गेले. रँच म्हणजे मालकी हक्काचे कुरण : जमीन, गुरे आणि गवत एकाच मालकाचे. विदर्भात गुरे गवळ्याची, गवत सरकारचे आणि जमिनीवर डोळा कापसाचा.

१७/
गंमत अशी, की त्या परक्या कुरणांवर भारतीय रक्तच पोहोचले. गीर, कांकरेज, ओंगोल अशा जातींच्या संकरातून अमेरिकेत 'ब्राह्मन' ही जात उभी राहिली आणि ब्राह्मन व शॉर्टहॉर्न यांच्या संकरातून किंग रँचने 'सांता गर्ट्रूडिस' घडवली. ब्राझीलमध्ये तर ओंगोलच्या वंशातील 'नेलोरे' ही मांसासाठीची प्रमुख जात झाली. हा ओंगोल गवळाऊचा जवळचा आप्त. १९५३ च्या जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ग्रंथात दोघे एकाच गटात मोडतात.

१८/
भारतात सरकारला जाग आली ती विसाव्या शतकात. १९२६ मध्ये नेमलेल्या शेतीविषयक शाही आयोगाने गुरांच्या अवस्थेचा विस्तृत विचार केला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड लिनलिथगो १९३६ मध्ये व्हाइसरॉय होऊन आले आणि त्यांनी गावोगावी जातिवंत वळू देण्याचा आग्रह धरला. उपाय चुकीचा नव्हता, अपुरा होता. वळू गावात आला तरी तो काय खाणार आणि त्याची वासरे कोठे चरणार, याचे उत्तर त्यासोबत आले नाही.

१९/
याच सुमारास वर्धा हे देशाच्या राजकारणाचे केंद्र झाले होते. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आणि १९३६ मध्ये शेगावला आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. स्वतः शेळीचे दूध पिणाऱ्या गांधीजींचे गाईविषयीचे म्हणणे रोखठोक होते : केवळ पूजेने गाय वाचणार नाही, तिचे पालन शास्त्रशुद्ध आणि परवडणारे झाले, तरच ती वाचेल. सप्टेंबर १९४१ मध्ये वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोसेवा संघाची स्थापना झाली.

२०/
संघाच्या सदस्यांसाठी व्रत होते : गाईचेच दूध-तूप वापरायचे आणि चामडे नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचेच घ्यायचे. नालवाडीतच गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालय चालत होते आणि तेथे अशा कातड्यावर काम होई. दूध, शेण, बैलाचे श्रम आणि अखेरीस कातडे, या साऱ्यांचा हिशेब जुळला तरच शेतकरी गाय ठेवील, हा त्यामागचा विचार होता. त्यात भाविकतेपेक्षा जमाखर्च अधिक होता.

२१/
या कामाची धुरा जमनालाल बजाज यांनी उचलली. धनाढ्य व्यापारी आणि काँग्रेसचे खजिनदार असलेले जमनालालजी आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत गोपुरीच्या झोपडीत राहून गोसेवेत रमले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे जानकीदेवी बजाज यांनी संघाचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. वर्ध्यातील 'गोरस भांडार' आणि तेथला 'गोरसपाक' ही त्या चळवळीची आजही चाखता येणारी खूण आहे.

२२/
सरकारी प्रयत्नांचे सर्वांत ठळक रूप म्हणजे हेटीकुंडी. नागपूर-अमरावती महामार्गावरील कारंजा (घाडगे) तालुक्यात, गवळाऊच्या माहेरातच, १९४० च्या दशकात हे पैदास क्षेत्र उभे राहिले. शेकडो हेक्टर जमीन, गोठे, चाऱ्याची शेती आणि चरण्यासाठी गवत. टेक्सासच्या मानाने आकार किरकोळ; तरीही विदर्भात 'रँच' या शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारे ठिकाण हेच.

२३/
अशा पैदास केंद्राचे काम बाहेरून दिसते त्याहून किचकट असते. प्रत्येक वासराच्या कानात बिल्ला आणि वहीत आई-बापाची नोंद. गाईने एका वेतात किती दूध दिले, दोन वेतांत किती अंतर पडले, खोंडाची वाढ कशी झाली, याची मापे. निवडक खोंड वळू म्हणून राखले जातात. जवळच्या नात्यात संकर होऊ नये यासाठी वंशावळ पाहावी लागते. कळप लहान असेल, तर हे गणित फार लवकर अवघड होते.

२४/
स्वातंत्र्यानंतर देशापुढचा प्रश्न बदलला. शहरांना दूध हवे होते. १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झाले, जर्सी आणि होल्स्टीन यांच्याशी संकर वाढला. गवळाऊ एका वेतात सरासरी सुमारे ६०० किलो दूध देते. संकरित गाय त्याच्या कित्येक पट. डेअरीच्या मापात गवळाऊ नापास झाली. पण ती दुधाच्या परीक्षेसाठी घडलीच नव्हती. तिची परीक्षा वाटेवर आणि बंडीला होती, आणि ती परीक्षा घेणारेच आता ट्रॅक्टर आणि टेम्पोकडे वळले होते.

२५/
२०१९ च्या पशुगणनेत देशातील विदेशी व संकरित गुरे आधीच्या गणनेपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी वाढून ५ कोटींवर गेली. देशी गुरे सुमारे ६ टक्क्यांनी घटून १४ कोटी २१ लाखांवर आली. याच काळात महाराष्ट्रातील एकूण गोधन सुमारे १० टक्क्यांनी कमी झाले. 'देशी' या एकाच रकान्यात गवळाऊसारख्या छोट्या जाती मिसळून जातात आणि त्यांची घट मोठ्या आकड्यांत दिसेनाशी होते.

२६/
आज विज्ञान अधिक समर्थ आहे. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि २००० पासून पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. उत्तम वळूचे रेत उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे टिकवता येते. म्हणजे जातीचे बीज सुरक्षित राहू शकते. परंतु नळीत साठवता येते ते रक्त. चाल साठवता येत नाही. उन्हात मैलोन्‌मैल चरणे, ओझे ओढणे, त्यातून कोणता खोंड तगतो हे पारखणे, ही निवड चालू राहिली तरच जात जिवंत राहते.

२७/
ती पारख आजही प्रामुख्याने आर्वी-कारंजा-आष्टी पट्ट्यातील नंदगवळ्यांच्या घरी आहे. त्यांच्या कळपांना बांधलेल्या दावणीपेक्षा चरायला मोकळे रान लागते आणि ते रान दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहे. वर्धा जिल्ह्यातील बोर अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. वाघासाठी जंगल राखणे आवश्यकच आहे. पण त्याच सातपुड्याच्या पायथ्याशी गुरे राखणाऱ्यांच्या चराईचा प्रश्न १८७८ नंतर पुन्हा नव्याने उभा राहिला, हेही तितकेच खरे.

२८/
सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले. त्या निर्णयात विदर्भाची जात म्हणून गवळाऊचा उल्लेख आहे. गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज ५० रुपये अनुदानही जाहीर झाले. मान आणि अनुदान दोन्ही गोठ्यापर्यंत पोहोचतात. गायरानाचा प्रश्न मात्र गोठ्याबाहेरचा आहे.

२९/
नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात. ही प्रथा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सुरू केली, असे परंपरा सांगते. गाविलगड गमावणारे रघूजी तेच. लाकडी नंदीला चारा लागत नाही, म्हणून तो दोनशे वर्षे सहज टिकला. जिवंत बैलाचे तसे नाही.

३०/
सारांश असा. गवळाऊला आधी फौजेने, मग कापसाने काम दिले. तिला पोसले ते मात्र नेहमी सामाईक गवताने आणि गवळ्यांच्या पारखीने. म्हैसूरकरांनी कावल राखले, टेक्सासने कुंपण घातले. विदर्भात कुरण कोणाचे, हे कधी ठरलेच नाही. हेटीकुंडीच्या गोठ्यात या जातीचे बीज जपले जाते, आणि ते काम मोलाचे आहे. ती पुन्हा रानात दिसेल की नाही, हे आर्वी-कारंजाच्या गावांत किती गायराने शिल्लक राहतात, यावर ठरेल. आपल्या गावच्या गायरानाचे क्षेत्र सातबाऱ्यावर पाहता येते. या इतिहासाचे पुढचे पान तेथेच लिहिले जात आहे.

(धागा समाप्त)